शून्यावर दोन सह्या

पहिला दिवस

समुद्रतळावरच्या जीवांचे तक्ते भरायचं काम मी तीन वर्षं करते आहे. डावीकडे जातींची नावं, वर स्टेशनांचे, म्हणजे नमुने घ्यायच्या ठरलेल्या जागांचे क्रमांक, मधल्या चौकोनांत नगांचे आकडे. जाती शंभराच्या वर, पण एका जागच्या गाळात त्यातल्या वीस-पंचवीसच सापडणार. त्यामुळे तक्त्यात सगळी गर्दी शून्यांची. यातला एकही प्राणी मी जिवंत पाहिलेला नव्हता. ग्लायसेरा, ओवेनिया, अँपेलिस्का ही नावं तोंडपाठ होती, चेहरा एकाचाही ठाऊक नव्हता. मागे एकदा प्रकल्पप्रमुख मॅडमना विचारलं होतं, "काही चौकोन रिकामे येतात, तिथे शून्य टाकून देऊ ना?" त्या घाईत होत्या. "यंदा बोटीवर ये, मग विचार," एवढंच म्हणाल्या. तोवर ते काम मी उरकून टाकलं होतं, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

आज दिवसभर नुसती सामानाची चढवाचढव आणि मोजामोज. बोट जेमतेम चौदा मीटरची. मागच्या बाजूला विंच, त्याला लटकणारा, तळाचा गाळ उचलून आणणारा ग्रॅब, शेजारी टब, चाळण्या, बरण्यांची खोकी आणि नमुने टिकवायच्या फॉर्मालिनचे कॅन. फॉर्मालिनमध्ये थोडा बोरॅक्स घालतात. तो नसेल तर द्रावण आम्ल होत जातं आणि शिंपल्यांची कवचं बरणीतच विरघळू लागतात. बारा स्टेशनं, प्रत्येकी तीन ग्रॅब, म्हणजे छत्तीस बरण्या. प्रत्येक बरणीला दोन चिठ्ठ्या, एक बाहेर चिकटवलेली आणि एक आत बुडालेली. आतली पेन्सिलीनेच लिहायची, शाईची अक्षरं फॉर्मालिनमध्ये टिकत नाहीत. बहात्तर चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्या वाट्याला आलं. तक्तेवालीला दुसरं काय देणार!

दुसरा दिवस

क्रम स्वच्छाकडून घाणीकडे. आधी उपसागराच्या तोंडाशी, मोकळ्या पाण्यातली १०, ११ आणि १२ ही स्टेशनं, शेवटी सांडपाण्याच्या नळाजवळची. उलट गेलो तर घाणेरड्या गाळाचे अंश ग्रॅबला आणि चाळणीला चिकटून स्वच्छ नमुन्यात यायचे.

ग्रॅब म्हणजे दोन पोलादी जबडे, वरून लांब दांड्या आणि एक आकडी. उघड्या जबड्यांनी तो खाली जातो. तळाला टेकला की दोर सैल पडतो, आकडी सुटते आणि वर ओढताना जबडे गाळात मिटतात. मिटताना ०.१ चौरस मीटर तळ आत येतो. योहान व्हान व्हेन या डच अभियंत्याने १९३३ च्या सुमाराला तो बनवला. तो वाळू आणि प्रवाहांचा अभ्यासक, किड्यांशी त्याला कर्तव्य नव्हतं. पण जीवशास्त्रज्ञांनी यंत्र उचललं आणि आज जगभर तळाचे जीव मोजायला ते सर्रास वापरतात.

स्टेशन १२, खोली अठरा मीटर. पहिला ग्रॅब वर आला तो धो धो गळतच. जबड्यांत मुठीएवढा दगड अडकलेला, गाळ सगळा वाटेत धुऊन गेलेला. आत उरलं ढवळलेलं पाणी. मी वही उघडून 'ग्रॅब १' पुढे शून्य लिहायला पेन्सिल टेकवली.

"काय करतेस?" मॅडम म्हणाल्या.

"काहीच आलं नाही ना."

"मग शून्य कसं? शून्य म्हणजे आपण नीट पाहिलं आणि तिथे कोणी नव्हतं. आपण अजून पाहिलेलंच नाही. 'जबडा उघडा, दगड' लिही, पुन्हा टाकू."

दुसऱ्या खेपेला विंचवरच्या काकांनी शेवटचे काही मीटर ग्रॅब अगदी सावकाश सोडला. घाईने सोडला की तो पाण्याचा लोंढा पुढे ढकलत नेतो आणि जबडे पोचायच्या आत वरचा हलका गाळ, त्यातल्या चिमुकल्या जीवांसकट, बाजूला उडतो. ग्रॅबच्या पाठीवर जाळीची झाकणं असतात ती याच कारणासाठी, उतरताना पाणी त्यांतून निघून जावं म्हणून. काकांना यातलं पुस्तकी काही विचारा, सांगणार नाहीत. दोरावर हात ठेवून ग्रॅब तळाला कधी टेकला ते मात्र बरोब्बर सांगतात. आपले निम्मे आकडे या हातावर अवलंबून आहेत हे मला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

या वेळी ग्रॅब काठोकाठ भरलेला. झाकण उघडून पाहिलं तर वरचा गाळ तपकिरी, रेशमासारखा, त्यावर भोकं आणि नळ्यांची टोकं. मॅडमनी कडेचा भाग पट्टीने कापून दाखवला. तपकिरी थर पाच-सहा सेंटीमीटर, त्याखाली करडा. करड्यातही तपकिरी रेघा उतरत गेलेल्या होत्या, एखाद्या भिंतीत मुळं उतरावीत तशा. ती बिळं. किडे बिळात पाणी खेळवतात, त्याबरोबर प्राणवायू खाली जातो आणि बिळाभोवतीचं लोह गंजून तपकिरी होतं. थोडक्यात, गाळाचा रंग पाहिला की खाली नांगरणी चालू आहे की बंद पडली ते कळतं.

मग चाळणं. मी समजत होते की नळी लावायची आणि धुऊन काढायचं. तसं केलं तर किड्यांचे तुकडे होतात. गाळ टबात घेऊन हाताने हलके ढवळायचा, वरचं गढूळ पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर ओतायचं, पुन्हा पाणी घालायचं. एका ग्रॅबला पाऊण तास. तरी किडे तुटतातच, म्हणून मोजणीचा नियम: फक्त डोकी मोजायची. शेपट्या कितीही मिळोत, डोकं नाही तर प्राणी नाही.

चाळणीवर जे उरलं ते पाहून मी बराच वेळ उठले नाही. ओवेनिया स्वतःभोवती वाळूचे कण कौलांसारखे एकावर एक लावून नळी बांधते, ती नळी भिंगाखाली झळकत होती. एका लालसर किड्याने तोंडातून अचानक लांबलचक सोंड बाहेर फेकली, टोकाला चार काळे दात. "ही तुमची ग्लायसेरा," संशोधक विद्यार्थी म्हणाला, "ताई, बोटं जपा." नखाएवढे शिंपले, काडीसारख्या हातांचे ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशांचे भाऊबंद, बांबूच्या पेरांसारखा एक किडा जो डोकं खाली करून गाळात उभा राहतो आणि खालचा गाळ खाऊन वर टाकतो. तक्त्यातल्या सतरा ओळी माझ्यासमोर वळवळत होत्या. नंतर त्यांच्यावर मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी घातलं, म्हणजे ते सैलावतात आणि फॉर्मालिनमध्ये आक्रसून ओळखीपलीकडे जात नाहीत. हा भाग मला जड गेला. मॅडमनाही जातो, असं त्या म्हणाल्या, पण हात थांबला नाही.

तळाचे प्राणी असे क्षेत्रफळावर मोजायची कल्पना योहानेस पीटरसन या डॅनिश शास्त्रज्ञाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला सरळ हिशेब हवा होता: चपट्या माशांना खायला तळावर किती अन्न आहे? त्यासाठी त्याने स्वतःचा ग्रॅब बनवला, हजारो नमुने काढले आणि पाहता पाहता त्याच्या लक्षात आलं की ठरावीक प्राणी ठरावीक सोबत्यांबरोबरच राहतात. अशा वस्त्यांना त्याने त्यांतल्या ठळक प्राण्यांची नावं दिली. माशांच्या चाऱ्याचा हिशेब मांडायला निघालेला माणूस शेजारपाजाराचा नकाशा काढून बसला.

तिसरा दिवस

वारा. मला बोट लागली. स्टेशन ४ कसंबसं झालं, बाकी आडवी पडून होते, त्यामुळे या दिवसाबद्दल माझ्याकडे डोळ्यांनी पाहिलेलं फारसं नाही.

दुपारी लाटा वाढल्यावर नांगर टाकून थांबलो. केबिनमध्ये मॅडम एडवर्ड फोर्ब्सची गोष्ट सांगत बसल्या, माझं लक्ष पोटावरून उडावं म्हणून असावं. हा ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ १८४१-४२ मध्ये 'बीकन' जहाजावरून ईजियन समुद्राचा तळ खरवडत होता. जसजसं खोल जावं तसतसे प्राणी कमी. त्याने रेघ पुढे ओढली आणि १८४३ मध्ये मांडलं की सुमारे ३०० फॅदमच्या, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या खाली सजीव नसावेत. पटण्यासारखंच होतं: अंधार, थंडी, दाब. पण ईजियन हा मुळात अन्नाने गरीब समुद्र, आणि त्याची खरवडणी खोल पाण्यासाठी तोकडी. पुढे नॉर्वेच्या सार्स पिता-पुत्रांनी आपल्या किनाऱ्याजवळच्या खोल पाण्यातून प्राणी काढून दाखवले, आणि १८७२ ते १८७६ या 'चॅलेंजर' या ब्रिटिश संशोधन जहाजाच्या सफरीने हजारो मीटर खोलीवरूनही जिवंत माल वर आणला.

"फोर्ब्स वाईट शास्त्रज्ञ नव्हता," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या अवजाराचं शून्य त्याने समुद्राच्या खात्यावर टाकलं, एवढंच."

मी कूस बदलली. पोटात ढवळत होतं ते सगळं लाटांमुळेच होतं असं नाही.

चौथा दिवस

समुद्र तेलासारखा शांत. आज ७, ८ आणि ९. सांडपाण्याच्या नळाच्या तोंडापासून अनुक्रमे एक किलोमीटर, पाचशे मीटर आणि दोनशे मीटर.

पाणी दिसायला छान होतं, हे आधी सांगते. निळसर, ऊन पडलेलं, वास नाही. पाण्यात पांढरी सेकी तबकडी सोडली, ती चार मीटरपर्यंत दिसली. अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात ती वापरून पाहिली, तेव्हापासून पाण्याचा गढूळपणा मोजायचं याहून स्वस्त साधन निघालेलं नाही. किनाऱ्यावरून कोणी पाहिलं असतं तर या पाण्याला उत्तम गुण देऊन गेलं असतं.

मग क्षारता, तापमान आणि प्राणवायू मोजणारं यंत्र खाली सोडलं. पडद्यावर रेघ वरून सरळ येत होती आणि दहा मीटरला एकदम डावीकडे कोसळली. वर लिटरला साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू, तळाशी दीडच्या आसपास. दोनच्या खाली गेलं की त्याला हायपॉक्सिया म्हणतात, बहुतेक माशांना तिथे राहवत नाही. यंत्रावर भरवसा नको म्हणून विद्यार्थ्याने तळाचं पाणी बाटलीत धरून विंकलर पद्धतीनेही तपासलं. १८८८ ची पद्धत: बाटलीत रसायन घातलं की प्राणवायू असेल तितका तपकिरी साका बसतो. वरच्या पाण्याच्या बाटलीत साका गडद चॉकलेटी झाला, तळाच्या बाटलीत फिका, दुधाळ. आकड्याआधीच रंगाने सांगून टाकलं.

कारण साधं आहे. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं जड पाणी खाली. वारा नसला की दोन्ही मिसळत नाहीत, मधे झाकण बसल्यासारखं होतं. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर वर शेवाळ माजतं, मरून खाली पडतं, जिवाणू ते कुजवतात आणि कुजवताना खालचा प्राणवायू संपवतात. वरून नवा यायला वाट नाही. हे आपल्याच उपसागराचं दुखणं आहे असंही नाही. रॉबर्ट डियाझ आणि रुटगर रोझेनबर्ग यांनी २००८ मध्ये जगातल्या अशा किनारी जागांची मोजदाद केली, तर त्या चारशेच्या वर निघाल्या, मिळून २,४५,००० चौरस किलोमीटरांहून जास्त.

मला प्रश्न पडला, मग यंत्रानेच भागत असताना किड्यांच्या मागे कशाला लागायचं? उत्तर दुपारपर्यंत आपोआप मिळालं. काल वारा सुटला होता तेव्हा हाच आकडा कदाचित चार आला असता. पाणी रोज बदलतं. गाळातला किडा मात्र पळून जाऊ शकत नाही. गेले कित्येक महिने इथे काय काय झालं ते त्याने सोसलेलं असतं, किंवा सोसलेलं नसतं आणि तो नसतो.

स्टेशन ७ ला प्राणी भरपूर, परवाच्यापेक्षाही नग जास्त, पण जाती कमी. स्टेशन ८ ला झाकण उघडलं तेव्हा किडे गाळाच्या वरच येऊन पडलेले होते. खाली श्वास कोंडला की ते बिळं सोडून वर येतात. तपकिरी थर नखाएवढा, त्याखाली काळं. चाळणीवर लालसर धाग्यांचा गुंता उरला, सगळे एकसारखे. कॅपिटेला. घाण वाढली की बाकीचे जातात आणि ही उरते, नुसती उरत नाही तर मोकळी जागा बघून भराभर वाढते. १९६९ मध्ये अमेरिकेत वेस्ट फालमथला तेलगळती झाली, तेव्हा मेलेल्या तळावर पहिली गर्दी हिनेच केली. तिचा अभ्यास करताना फ्रेडरिक आणि ज्युडिथ ग्रासल यांना १९७६ मध्ये आढळलं की एका नावाखाली निदान सहा वेगवेगळ्या जाती लपल्या आहेत, बाहेरून जवळजवळ सारख्या. म्हणजे माझ्या तक्त्यातली एक ओळ कदाचित सहा ओळी असेल, आणि त्यांतल्या पाचांच्या जागी मी काहीच लिहिलेलं नाही, शून्यसुद्धा नाही.

कॅपिटेलाला लोक घाणीची किडी म्हणतात ते मला पटेनासं झालं आहे. घाण तिने केलेली नाही. ती राहिली, इतकंच.

घाण वाढत जाते तसा तळ कसा बदलतो याचा आलेख टॉम पिअरसन आणि रोझेनबर्ग यांनी १९७८ मध्ये मांडला: थोडं खत पडलं तर जाती वाढतात, आणखी पडलं की जाती गळतात आणि मोजक्यांची संख्या फुगते, शेवटी कोणीच नाही. ७ वरून ९ कडे जाताना तो आलेख आमच्या बोटीखालून सरकत होता.

स्टेशन ९. ग्रॅब वर येण्याआधी वास आला, सडक्या अंड्याचा. हायड्रोजन सल्फाइड. "वास येतोय तोवर बरं," मॅडम म्हणाल्या, "फार झाला की नाकच बधिर होतं आणि येईनासा होतो." सगळ्यांना वाऱ्याच्या बाजूला उभं केलं. जबडे नीट मिटलेले, ग्रॅब काठोकाठ भरलेला. गाळ वरपासून खालपर्यंत काळा, लोण्यासारखा, वर पांढरट कोळिष्टकासारखा पापुद्रा. तो गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंचा. भोक नाही, नळी नाही. पाऊण तास चाळलं. चाळणीवर राहिला पानांचा चुरा, प्लॅस्टिकचे तुकडे आणि जुने रिकामे शिंपले.

"आता लिहू शून्य?"

"अजून नाही. 'डोळ्यांना काही दिसलं नाही' असं लिही. चुरा सगळा बरणीत भर."

रात्री बसून त्यांनी तळाची तब्येत सांगणाऱ्या गुणांकाचं गणित दाखवलं, जे मी आजवर संगणकाला नुसतं करायला सांगत होते. एएमबीआय, स्पेनच्या आंखेल बोरखा आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेला. प्रत्येक जात पाचपैकी एका गटात, नाजूक ते घाणीत फोफावणारी. गटांना वजनं ०, १.५, ३, ४.५ आणि ६. कोणत्या गटाचे किती टक्के नग, यावरून सरासरी. म्हणजे सगळे नाजूक असतील तर गुण ०, आणि तेच सर्वांत चांगलं. ३.३ ओलांडलं की 'हलका बिघाड' संपून 'मध्यम बिघाड' सुरू. आणि कोणीच नसेल तर सरासरी काढायला काही उरत नाही, म्हणून अशा नमुन्याला थेट ७. नगांचं शून्य म्हणजे गुण ७, गुणांचं शून्य म्हणजे निरोगी तळ. तक्ता भरणाऱ्या माणसाने यात गोंधळ घालायचं ठरवलं तर भरपूर वाव आहे.

पाचवा दिवस

वाऱ्याने क्रम मोडून राहिलेली पाच स्टेशनं एका दिवसात उरकली, अंधारात परतलो. सांगण्यासारखं एकच. नदीमुखाजवळ गाळावर बोटभर रुंद भोकं होती. त्यांचा मालक चिखलात राहणारा भूत-कोळंबीसारखा प्राणी, बीळ मीटरभर खोल जाऊ शकतं. आमचा ग्रॅब पंधरा सेंटीमीटरही धड जात नाही. तक्त्यात त्याच्यापुढे दरवर्षी शून्य असतं. घर समोर दिसतंय, दार उघडं आहे, आणि नोंद अशी की कोणी राहत नाही.

अकरावा दिवस, प्रयोगशाळा

नमुने काही दिवस फॉर्मालिनमध्ये मुरवून, धुऊन आज निवडायला घेतले. त्यांत रोझ बेंगॉल नावाचा रंग घातलेला असतो. जिवंत असलेल्याच्या मांसाला तो गुलाबी चढतो, चुऱ्याला फारसा चढत नाही. पांढऱ्या ताटलीत चमचाभर चुरा पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी शोधायचं.

स्टेशन ९ चा पहिला ग्रॅब मला दिला. साडेचार तास लागले. गुलाबी काही नाही. रिकाम्या शिंपल्यांच्या आतसुद्धा पाहिलं. मग तोच चुरा विद्यार्थ्याने दुसऱ्या टेबलावर, माझा कागद न पाहता, पुन्हा सगळा निवडला. त्यालाही काही नाही. तेव्हा मॅडमनी नोंदवही पुढे केली. '०' लिहिलं, त्याच्यापुढे माझी सही, त्याखाली त्याची.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पहिल्या वर्षाची फाइल उघडली आणि शेजारी त्या वर्षाची बोटीवरची वही ठेवली, ओल लागून फुगलेली. स्टेशन ५, ग्रॅब ३. वहीत पेन्सिलीने लिहिलं होतं: 'जबडा उघडा, तीन प्रयत्न, सोडून दिलं.' माझ्या तक्त्यात त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकशे चार शून्यं उभी होती. मीच टाकलेली, एका झटक्यात. पहिल्या ग्रॅबचे गुण १.६, दुसऱ्याचे १.८. तिसऱ्यात कोणी नाही असं समजून संगणकाने ७ दिले होते. सरासरी ३.४७. अहवालात स्टेशन ५ पुढे लिहिलं होतं, 'मध्यम बिघाड'.

तिसरा रकाना पुसला. सरासरी १.७ वर आली. मग मॅडमना फोन लावला.